फोर बाय फोरचा पुढचा शाफ्ट : टी.ओ.एम.च्या पुस्तकातून गाडीखाली

टी.ओ.एम.च्या ओरलला हमखास येणारा एक प्रश्न आहे. ‘हूक्स जॉइंट कुठं वापरतात?’ उत्तर सगळ्यांचं पाठ असतं, ‘सर, प्रोपेलर शाफ्टमध्ये!’ पण त्यावर सरांनी विचारलं की ‘मग दोन का लावतात? एकात भागत नाही का?’, तर अर्धी बॅच छताकडं बघायला लागते. या लेखात त्याच प्रश्नापासून सुरुवात करू आणि थेट गाडीखाली जाऊ. गाडी घ्यायची ती फोर बाय फोर, आणि शाफ्ट घ्यायचा तो पुढचा. कारण मागच्या शाफ्टकडं सगळेच बघतात. पुढचा बिचारा वर्षभर दुर्लक्षित असतो, आणि ज्या दिवशी त्याची खरी गरज लागते त्या दिवशीच दगा देतो.

आपल्या हातकणंगले तालुक्यात ही गरज काही पुस्तकी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर आलं आणि रस्ता बंद पडला. अशा वेळी कामाला येतात त्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या. लष्कराचा जुना शक्तिमान घ्या, आताचा स्टॅलियन घ्या, जिप्सी घ्या, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याची जुनी महिंद्राची जीप घ्या. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ट्रान्सफर केसपासून पुढच्या हाऊसिंगपर्यंत जाणारा एक आखूड शाफ्ट. तो तुटला तर फोर बाय फोरची गाडी साधी फोर बाय टू होते, आणि चिखलात ती फक्त शोभेची वस्तू उरते.

थोडा इतिहास (झोपू नका!)

या जॉइंटला कोणी कार्डन जॉइंट म्हणतं, कोणी हूक्स जॉइंट. कार्डानो हा सोळाव्या शतकातला इटालियन गणिती आणि वैद्य, तर रॉबर्ट हूक म्हणजे आपला स्प्रिंगच्या नियमाचा हूक. सतराव्या शतकात त्यानं या जॉइंटचा अभ्यास केला. पण मोटारगाडीसाठी त्याला पक्कं रूप दिलं ते क्लॅरेन्स स्पायसर यानं, आणि तेव्हा तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता! त्या काळी बऱ्याच गाड्या सायकलसारख्या चेनवर चालायच्या. चेनचा आवाज, धूळ, तेल, सगळाच वैताग. स्पायसरला १९०३ मध्ये पेटंट मिळालं आणि १९०४ मध्ये त्यानं उत्पादन सुरू केलं. आजही ‘स्पायसर’ हे नाव शाफ्टच्या दुनियेत चालतं. म्हणजे सबमिशन सांभाळून माणूस काय काय करू शकतो बघा.

भारतात हा शाफ्ट घरोघरी पोचला तो जीपमुळं. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीनं १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचं सगळं ज्ञान या जीपवरच घडलेलं आहे.

दोन जॉइंट का?

आता मूळ प्रश्न. एका हूक्स जॉइंटमधून फिरणं वाकवून नेलं तर ते एकसारखं राहत नाही. आत येणारा शाफ्ट एका वेगानं फिरत असला तरी बाहेर जाणारा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू होतो. किती? तर कोनाच्या कोसाइनइतका कमी आणि त्याच्या व्यस्ताइतका जास्त.

आकडे घालून बघू. समजा पुढच्या शाफ्टची आडवी लांबी ७०० मिलिमीटर आहे आणि ट्रान्सफर केसचं तोंड पुढच्या पिनियनपेक्षा १५० मिलिमीटर वर आहे. कोन झाला साधारण १२ अंश. कोसाइन ०.९७८. म्हणजे वेग सव्वादोन टक्के खाली आणि तेवढाच वर, एकूण फरक साडेचार टक्क्यांचा. ताशी ८० किलोमीटरला, टायरचा घेर २.२ मीटर आणि हाऊसिंगचं गुणोत्तर ४.५ धरलं, तर शाफ्ट मिनिटाला सुमारे २,७०० फेरे मारतो. म्हणजे सेकंदाला ४५ फेरे, आणि झटके त्याच्या दुप्पट, ९० च्या आसपास. पायाखालची पत्र्याची चादर जी ‘झूंऽऽ’ करते ना, ती इथून.

म्हणून दुसरा जॉइंट लावायचा. पहिला जेव्हा जलद करतो तेव्हा दुसरा हळू करतो, हिशोब बरोबर. पण त्याला तीन अटी आहेत. एक, दोन्ही जॉइंटचे कोन सारखे पाहिजेत. दोन, मधल्या शाफ्टवरचे दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत पाहिजेत. तीन, तिन्ही शाफ्ट एकाच प्रतलात पाहिजेत. यातली दुसरी अट गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त मोडली जाते. शाफ्टला मधे सरकणारी स्प्लाइन असते. साफ करायला ती ओढून काढली आणि परत बसवताना एक-दोन दात सरकले, की झालं. १६ दातांची स्प्लाइन असेल तर एक दात म्हणजे साडेबावीस अंश. चार दात चुकले तर योक बरोबर ९० अंशात, आणि मग दोन्ही जॉइंट एकमेकांचा झटका मारायच्या ऐवजी त्याची बेरीज करतात. वरच्या उदाहरणात साडेचारचे नऊ टक्के. गिऱ्हाईक सांगतं, ‘क्रॉस बदलल्यापासून गाडी जास्तच थरथरायला लागली.’ क्रॉस बिचारा नवा कोरा असतो, चुकलेली असते ती जुळणी.

अजून एक बारीक गोष्ट. दोन जॉइंट बरोबर बसवले तरी शेवटचं टोक एकसारखं फिरतं, मधला शाफ्ट स्वतः मात्र जलद-हळू होतच राहतो. त्याच्या वजनाचा झटका बेअरिंगना बसतोच. म्हणून कोन कमी ठेवणं याला पर्याय नाही. आणि गंमत म्हणजे कोन अगदी शून्य असणंही वाईट! तेव्हा क्रॉसमधल्या सुया जागेवरून हलत नाहीत, एकाच ठिकाणी दाब देत राहतात आणि क्रॉसच्या दांडीवर बारीक चरे पाडतात. एखादा अंश का होईना, कोन पाहिजे.

पुढचाच शाफ्ट का मरतो?

तुम्ही म्हणाल, जास्त वेळ तर मागचाच शाफ्ट काम करतो. मग पुढचा का जातो? कारणं तीन.

पहिलं कारण, आराम. ज्या गाडीला पुढच्या चाकांवर फ्री व्हील हब असतात त्यात हब सोडले की पुढचा शाफ्ट जागेवर उभा राहतो. महिनोन्‌महिने हलत नाही. ग्रीस खाली उतरतं आणि वाळतं, सील आखडतं, धुण्याचं आणि पावसाचं पाणी आत शिरतं. मग पुराच्या दिवशी एकदम कामाला जुंपलं की कोरड्या, गंजलेल्या सुया किती वेळ टिकणार?

दुसरं कारण, डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून फिरणं. जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसतो, दोघं एकमेकांना पक्के बांधलेले असतात. वळणावर मात्र पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात. हिशोब करा. चाकांमधलं अंतर २.४ मीटर आणि मागच्या हाऊसिंगच्या मध्याची त्रिज्या ६ मीटर. मग पुढच्याची त्रिज्या झाली ६.४६ मीटर. काटकोनात एक वळण घेतलं की पुढचा भाग ७० सेंटिमीटरहून जास्त चालतो. पिनियनच्या भाषेत हा जवळजवळ दीड फेरा होतो. हा दीड फेरा जायचा कुठं? चिखलात टायर घसरतो आणि पीळ सुटतो. कोरड्या डांबरावर टायर सोडत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि गिअरमध्ये साठतो. ‘फोर बाय फोरचा लिव्हर निघतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली. थोडं रिव्हर्स घेतलं की निघतो, कारण पीळ उलगडतो.

पुढं-मागं टायर वेगळ्या मापाचे घातले तरी हेच होतं, आणि तेही सरळ रस्त्यावर. आपल्या उसाच्या रानातल्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला पुढची चाकं लहान असतात, पण त्यांचं गिअरिंग त्या मापाला जुळवूनच दिलेलं असतं, आणि पुढचं चाक किंचित पुढं ओढेल असंच ठेवलेलं असतं. मन मानेल तो टायर घातला की हे गणित बिघडतं.

तिसरं कारण, लो गिअरमधली ताकद. इंजिनचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, लो रेंज २.५ धरा. गुणाकार २,००० न्यूटन-मीटर. पण साधारणपणे एवढा टॉर्क पुढच्या शाफ्टवर येतच नाही, कारण त्याआधी चाक घसरतं. पुढच्या हाऊसिंगवर ८०० किलो भार, घर्षण ०.७, चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरली तर शाफ्टवर येतात साधारण ४३० न्यूटन-मीटर. ५० मिलिमीटर बाहेरच्या आणि ४४ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपवर हा ताण सुमारे ४४ मेगापास्कल, म्हणजे किरकोळ. पण मागची चाकं हवेत किंवा चिखलात, आणि पुढचं चाक दोन दगडांत अडकलेलं असेल, तर घसरायला वावच नाही. २,००० न्यूटन-मीटर पूर्ण आले तर ताण दोनशे मेगापास्कलच्या पुढं जातो. त्यात ड्रायव्हरनं क्लच एकदम सोडला तर बघायलाच नको. पाइप कदाचित टिकेल, पण क्रॉसची बोटाएवढी दांडी नाही टिकत.

काढताना : आधी जीव, मग जॉइंट

आता पाना हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट नीट वाचा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागं, मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या तोंडावर असतो. म्हणजे मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढला काय आणि न ओढला काय, मागची चाकं मोकळी! तसंच, मागचं एक चाक जॅकवर उचललं तरी डिफरन्शियलमुळं ते हवेत उलटं फिरतं, जमिनीवरचं चाक मोकळं होतं आणि गाडी सरकते. खाली झोपलेल्या माणसाला हे कळायला वेळ मिळत नाही. म्हणून सपाट जागा, चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि गाडी उचलायचीच असेल तर जॅकच्या भरवशावर न राहता स्टँड. शाफ्ट काढायला बहुतेक वेळा गाडी उचलावी लागतच नाही.

मग क्रम असा :

१. शाफ्ट आणि फ्लँज दोन्हींवर रंगानं किंवा पंचनं खूण करा. स्प्लाइनच्या दोन्ही भागांवरही करा. काही शाफ्टवर बाण कोरलेले असतात, तेही शोधा. या दोन मिनिटांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

२. शाफ्ट दोरीनं चेसिसला बांधा. एक टोक सोडून तो लोंबकळत ठेवला तर दुसऱ्या टोकाचा क्रॉस वाकडा होतो.

३. हाऊसिंगकडचे बोल्ट आधी सोडा. क्रॉसचे कप मोकळे होत असतील तर त्यांना चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सुया धुळीत.

४. शाफ्ट बाहेर आला की सर्कलिप काढा आणि बाकात दोन सॉकेट धरून कप दाबून काढा. हातोडा मारून योकचे कान वाकवू नका.

५. आता बघणी करा. क्रॉसच्या दांडीवर सुयांचे चरे, योकच्या कानाला भेग किंवा लांबट झालेलं भोक, स्प्लाइनमध्ये खेळ, पाइपला पोचा, सुटलेलं बॅलन्सिंगचं वजन. योक किंवा पाइप खराब असेल तर नुसता क्रॉस बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

६. नवा क्रॉस बसवताना सुया ग्रीसनं उभ्या राहू द्या. एखादी सुई कपाच्या तळाशी आडवी पडली की कप पूर्ण बसत नाही आणि सर्कलिपची खाच दिसत नाही. अशा वेळी जोर न लावता कप काढून परत बघा.

७. ग्रीसचं निप्पल गन पोचेल अशा बाजूला ठेवा. सर्कलिप बसल्यावर क्रॉस दोन्ही बाजूंना हातानं हलला पाहिजे. आखडला असेल तर योकच्या कानावर हलकीशी टकटक करा, कप मागं सरकतो.

८. खुणा जुळवून शाफ्ट चढवा. बोल्ट मूळ ताकदीचेच घ्या. डोक्यावर १०.९ असेल तर १०.९ चाच, दुकानात मिळेल तो नाही. लॉकनट नवे घ्या, आणि टॉर्क रेंच लावून गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा.

९. ग्रीस चारही कपांतून बाहेर डोकावेपर्यंत मारा. तीनच कपांतून आलं तर चौथा कोरडा आहे, आणि पहिला मरणार तोच.

बोल्टबद्दल एवढं का सांगतोय? पुढच्या शाफ्टचं हाऊसिंगकडचं टोक सुटलं तर ते रस्त्यावर पडतं आणि गाडी पुढं जात असताना जमिनीत रुततं. बांबूउडी मारणाऱ्या खेळाडूचा बांबू आठवा. वेगात असलेल्या गाडीला ही उडी परवडत नाही. दोनचार रुपये वाचवून बसवलेला साधा बोल्ट किती महाग पडतो ते यावरून कळेल.

‘अपग्रेड’ करायचंय? मग हे गणित करा

गाडी उंच करायची हौस हल्ली फार. समजा ७५ मिलिमीटर उचलली. आपल्या उदाहरणातली १५० ची उंची २२५ झाली. कोन १२ वरून जवळजवळ १८ अंश. वेगातला फरक साडेचारवरून पावणेदहा टक्के. दुपटीपेक्षा जास्त! शिवाय शाफ्टची गरजेची लांबी १९ मिलिमीटरनं वाढली. तेवढा भाग स्प्लाइनमधून बाहेर आला म्हणजे आतली पकड तेवढी कमी झाली. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की अजून कमी.

म्हणून माप तीन स्थितींत घ्यायचं. गाडी चाकांवर उभी असताना, हाऊसिंग पूर्ण खाली लोंबत असताना आणि पूर्ण वर दबलेली असताना. खाली असताना स्प्लाइनची पकड उरली पाहिजे आणि वर असताना ती तळाला टेकता कामा नये. टेकली तर धक्का सरळ ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला.

उपाय काय? एक, लांब स्प्लाइनचा शाफ्ट. दोन, मोठ्या मापाचा क्रॉस, पण त्याबरोबर योकही बदलावे लागतात. तीन, डबल कार्डन जॉइंट. यात ट्रान्सफर केसच्या टोकाला दोन क्रॉस शेजारी-शेजारी असतात आणि कोन अर्धा-अर्धा वाटून घेतात. पण मग पिनियनचं तोंड सरळ शाफ्टकडं वळवावं लागतं. मागच्या हाऊसिंगला हे जमतं. पुढच्या हाऊसिंगला मात्र किंगपिन त्याच्याच टोकांना असतात. पिनियन वर वळवला की किंगपिनचा माथा पुढं झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. मग स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर भरकटते. म्हणजे शाफ्ट सुधारायला गेलो आणि स्टिअरिंग बिघडवून बसलो!

शाफ्ट जाड केला की चांगला, हाही अर्धाच खरा समज. शाफ्ट जाड केला की तो तुटत नाही, पण पुढचा कमजोर भाग तुटतो. क्रॉस स्वस्त आणि रस्त्याकडेला बदलता येतो. पिनियन गेला तर हाऊसिंग उघडावी लागते. तुटायचंच असेल तर स्वस्त जागी तुटावं, हे डिझाइनच आहे.

आणखी एक. सगळ्या फोर बाय फोरना हे सरसकट लावू नका. २०१० मध्ये आलेल्या थारला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे डिफरन्शियल चेसिसला बांधलेला आणि शाफ्टचा कोन चाकाबरोबर बदलत नाही. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला मात्र जिप्सीसारखी अखंड हाऊसिंग आहे, तिथं वरचा हिशोब लागतो. आणि कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. खराब शाफ्टच्या जागी तसाच शाफ्ट घालणं ही दुरुस्ती, पण गाडी उंच करणं हा बदल.

पावसाआधीची दहा मिनिटं

शेवटी कामाचं. मे महिना संपायच्या आत, ज्याच्या घरी किंवा ओळखीत फोर बाय फोर आहे त्यानं एवढं करावं. ठोकळे लावून गाडीखाली जा, शाफ्ट हातानं पिळून आणि वर-खाली हलवून बघा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला किंवा कपाशेजारी तांबूस गंजाची भुकटी दिसली तर क्रॉस गेलाच समजा. नसेल तर चारही कपांना आणि स्प्लाइनला ग्रीस मारा, बोल्ट तपासा. मग मातीच्या रस्त्यावर हब लावून, फोर बाय फोर टाकून एक-दोन किलोमीटर सरळ फिरवा. असं महिन्यातून एकदा केलं तरी ग्रीस जागेवर राहतं. पाण्यातून गाडी काढून आणली तर त्याच दिवशी पुन्हा ग्रीस, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडेल.

खर्च म्हणाल तर थोडं ग्रीस आणि दहा मिनिटं. पंचगंगेला पाणी चढलं की गॅरेज बंद असतात, स्पेअरच्या दुकानापर्यंत रस्ता नसतो, आणि पलीकडच्या वाडीत कोणाची तरी आजी, कोणाची तरी बाळंतीण वाट बघत असते. त्या वेळी शाफ्ट फिरणार की नाही, हे त्या दिवशी ठरत नाही. ते मे महिन्यातच ठरलेलं असतं.